चिमीच्या कमरेवरची कातडी

सकाळी नऊच्या सुमारास मी चिमीचं झबलं वर केलं आणि झबल्याबरोबर तिची कातडीही वर आली.

आधी मला ते दिसलं, पण समजलं नाही. झबल्याच्या आतल्या बाजूला काहीतरी पातळ, ओलसर चिकटलं होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. आणि चिमीच्या कमरेवर डाव्या बाजूला चार बोटं रुंद जागा उघडी पडली होती. लाल. पुरळाचा लाल नव्हे, आतला लाल. महिनाभराच्या माझ्या लेकराचं आतलं मला दिसत होतं.

मी ओरडले नाही. मी झबलं परत खाली केलं. झाकून ठेवलं तर ते पुन्हा चिकटेल, असं काहीतरी डोक्यात आलं असावं.

"काय झालं गं? कामून रडायलंय एवढं?" आत्या आतून आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई. त्यांनी झबलं उचललं. "अगं माय, माय, माय," एवढंच म्हणाल्या आणि तिथंच मटकन खाली बसल्या. तीन लेकरं वाढवलेली, जावांची दोन बाळंतपणं काढलेली बाई.

मी शिकलेली आहे हे इथं सांगावं लागेल, कारण जे झालं ते त्यामुळेच झालं. भालकीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, प्राणिशास्त्र घेऊन. लग्नाआधी दोन वर्षं बसवकल्याणला एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवलं. माहेरी आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही मी सासरी, मंठाळलाच राहिले. नवरा, शिवप्रसाद, हुमनाबादला कारखान्यात आहे. घरात आत्या, मी आणि चिमी. कागदावर तिचं नाव रेणुका.

चिमी तारखेच्या दहा दिवस नंतर जन्मली. चौथ्या दिवशीच तिच्या तळपायाची, मनगटाची कातडी सुटायला लागली. कोरडे, पांढरे पापुद्रे. मी हादरले होते. रडत रडत डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवले. ते हसून म्हणाले, "अहो, तुम्ही सायन्सच्या ना? नऊ महिने पाण्यात होती ती. पाण्यातली कातडी आता बाहेर कशाला पाहिजे?"

मग मला शाळेतला माझाच धडा आठवला. कातडीच्या तळाशी पेशी जन्मतात, वर वर सरकतात, आणि ठरलेल्या वेळी आपणहून मरतात. त्यांना कुणी मारत नाही. आतलं सगळं आवरून, चपट्या होऊन, एकमेकींना धरून त्या वर भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि महिनाभरात गळून जातात. आपण ज्याला कातडी म्हणून हात लावतो ती सगळी मेलेलीच. त्या वेळेवर मरतात म्हणून आपण जगतो. गर्भात बोटांच्या मधलं कातडंसुद्धा असंच आपणहून मरतं, तेव्हा कुठं पाच बोटं सुटी होतात. मी हे आत्यांना पाळण्यापाशी बसून समजावलं होतं.

"पाळण्यापशी बसून मरणाचं काय सांगायलीस गं?" आत्या म्हणाल्या होत्या. "पेशी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पर लेकराजवळ मरतंय मरतंय करू नगस."

पण त्या धड्यानं मला धीर आला होता. फार आला होता. बाकी सगळ्या गोष्टींची मला भीती वाटायची. माशी बसली तरी वाटी परत धुवायची. चमचा, वाटी, झबली, दुपटी, तिच्या अंगाला लागणारं सगळं मी उकळून घ्यायची. आत्या म्हणायच्या, "आता लेकरू तेवढं उकळायचं ऱ्हायलंय." एक कातडी सुटण्याची मात्र मला भीती उरली नव्हती. ते मला माहीत होतं ना.

तर त्या सकाळच्या आदल्या दिवशी काय झालं ते सांगते.

राजूबाई रोज साडेनऊला यायची. साठीची बाई, गावातली अर्धी पोरं तिच्या पायावर न्हालेली. ती पाय पसरून बसायची, चिमीला पायावर घ्यायची, खोबरेल लावून चोळायची आणि मग ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. त्या दिवशी तिनं झबलं काढलं आणि हात थांबवला.

"सूनबाई, हे बघ. कमरंपशी लाल झालंय. बारीक फोडं बी हायत."

मी वाकून बघितलं. करगोट्याच्या खाली लालसर पट्टा होता आणि त्यावर मोहरीएवढे फुगवटे. पायाची कातडीही अशीच आधी जराशी लाल होऊन मग सुटली होती, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"सुटायलीय कातडी. पायाची सुटली तशी. होतं असं."

"पायाची कोरडी होती. हे वलं हाय. आज मी तेल लावत न्हाई बग. नुसतं पाणी घालते. दाखवून आणा लेकराला."

"व्हय गं, मंजुश्री," आत्याही म्हणाल्या. "फोन कर शिवाला. दाखवून येऊ."

आणि मी, जी माशी बसली तर वाटी धुणारी, मी दोघींना पेशींचा धडा सांगितला. परत. सगळा. ठरवून मरतात, नव्या येतात, घाबरायचं नाही. राजूबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू शिकलेली हाईस माय. आमी काय, हातानं बघनारी माणसं," आणि चिमीला पुसून माझ्याकडं दिलं.

एक दिवस गेला. पूर्ण एक दिवस.

आता परत त्या सकाळी. आत्या खाली बसलेल्या, मी चिमीला छातीशी धरू की नको या विचारात, कारण कुठं धरलं तरी तिला लागत होतं. आणि दारात राजूबाई आली. हातात तिची तेलाची पितळी वाटी.

काय झालं कोण जाणे. मला ती वाटी दिसली आणि माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. काल हिनं तेल लावायला नको म्हटलं. का? हिला ठाऊक होतं म्हणूनच ना?

"काय घातलं तेलात?" मी ओरडले. एवढा आवाज माझा मला माहीत नव्हता. "काय लावलं माझ्या लेकराला? बोला!"

"मी? अगं, खोबरेल तुमच्याच घरचं..."

"मग काल का लावलं नाही? माहीत होतं तुम्हाला! काहीतरी कालवलं, आणि अंगाशी आल्यावर हात काढून घेतला!"

आळीत लोक दारात आले होते. राजूबाईनं वाटी पदराखाली घेतली, जणू ती चोरीची होती. "चंद्रभागे, तू तरी सांग," ती आत्यांना म्हणाली. आत्या चिमीकडं बघत होत्या, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. राजूबाई वळली आणि गेली. महिनाभरात पहिल्यांदा ती माझ्या लेकराला हात न लावता गेली.

शिवप्रसाद मित्राची गाडी घेऊन आले. हुमनाबादच्या बालरोगतज्ज्ञांनी झबलं उचललं, परत ठेवलं आणि म्हणाले, इथं नको, थेट कलबुर्गी. तिथं एका दवाखान्यात कातडीच्या डॉक्टर होत्या, विजयश्री म्हणून. कन्नड घरच्या, पण आजोळ अक्कलकोटचं, त्यामुळे मराठी बोलायच्या. गाडीत चिमीचा आवाज बसला होता. तोंड उघडायची, रडायची, पण आवाज नाही. ते बघणं आवाजापेक्षा वाईट होतं.

डॉक्टरांनी आधी तिच्या हातात सुई लावली, सलाईन चालू केलं, मग कपडा काढून बराच वेळ नुसतं बघितलं.

"ही रेघ बघा," त्या म्हणाल्या. "कमरेला गोल. आजार अशी रेघ मारत नाही. इथं काही बांधलं होतं?"

"करगोटा," आत्या म्हणाल्या. "काळा दोरा. बिब्बा अन् वेखंडाचा तुकडा त्यात. सव्वा महिना बांधतेत आमच्यात, दिष्ट लागू नये म्हणून. सकाळी गाडीत बसायच्या टायमाला म्याच कापून काढला, लेकराला रुतायला होता."

"बिब्बा." डॉक्टरांनी मान हलवली. "मग बरोबर. बिब्ब्याच्या तेलानं अशीच कातडी जाते."

"पर सुका बिब्बा हाय तो! तेल कुठलं त्यात? माझ्या तिघांना बांधला मी. ह्याला बी," आत्यांनी शिवप्रसादकडं बोट केलं, "काय झालं न्हाई."

"सुका अखंड असेल तर बहुतेक नाही होत. तेल आत टरफलात असतं. कुणीतरी ते बाहेर काढलंय."

"राजूबाई," मी म्हणाले. "मालिशवाली. तिनंच."

डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या. माझ्या तोंडाकडं नाही, हातांकडं. "तुमचे हात दाखवा जरा."

मी हात पुढं केले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकाला काळपट तपकिरी झाली होती. बोटांच्या बेचक्यात खाजत होतं, आणि तिथं एक पाणीभरला बारीक फोड होता.

"हे कशानं?"

"डाळिंब सोललं असेल," मी म्हणाले.

"डाळिंबानं फोड येतो?"

मी बोटांकडं बघितलं. दोन दिवस ती माझ्यासमोर होती. त्याच बोटांनी मी चिमीला दुपट्यात गुंडाळत होते, भात कालवत होते, तिचे फोटो काढत होते.

"पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायचे ना, ती याच तेलानं," डॉक्टर म्हणाल्या. "तळहाताची कातडी जाड, मेलेल्या पेशींचे थरावर थर, म्हणून तुम्ही वाचलात. लेकराची कागदासारखी. आठवा बरं. बिब्बा कुणी चेचला का? गरम केला का?"

पातेलं. माझ्यासमोर ते पातेलं उभं राहिलं. तीन दिवसांपूर्वी दुपारी चिमीनं शी केली आणि करगोटा सगळा भरला. मी तो काढून टाकते म्हणाले, आत्या म्हणाल्या, सव्वा महिना व्हायला आठवडा राहिलाय, टाकू नको. मी वाद घातला नाही. दोघींचंही राहील असं केलं. पातेल्यात पाणी घेतलं, करगोटा टाकला आणि दहा मिनिटं खळखळून उकळला. पाण्यावर तेलाचा तवंग आला होता. मला वाटलं, मालिशचं खोबरेल सुटतंय, बरंच झालं. पाणी ओतलं, करगोटा चिमट्यानं काढला, झटकला आणि बोटांनी गाठ मारून परत चिमीच्या कमरेला बांधला. ओलाच.

"उकळला होता," मी म्हणाले. "मी. जंतू मरावेत म्हणून."

सलाईनचा थेंब पडत होता.

"उकळलास?" आत्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "बिब्बा? अगं, बिब्ब्याला आच दावली की त्याचं तेल गळतंय. लहान पोर बी सांगंल. तुझ्या घरी कुणी..." त्या थांबल्या. माझ्या घरी कुणी नव्हतं. "हे बी सांगायचं असतंय व्हय गं? हे बी?"

कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं. शिवप्रसाद माझ्या बोटांकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

डॉक्टर बसल्या आणि हळू बोलल्या. मी शिकवत होते हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्या माझ्याच भाषेत बोलल्या, आणि तेच मला सोसेना. "आपणहून मरणारी पेशी शेजारणीला त्रास देत नाही. आवरून जाते. ह्या तशा गेल्या नाहीत, ह्यांना तेलानं मारलंय. मारलेली पेशी फुटते, आतलं बाहेर सांडतं, मग लाली, सूज, पाणी. कोरडा पापुद्रा आणि ओला पापुद्रा, एवढाच फरक दिसतो बाहेरून."

राजूबाईनं तेवढाच फरक सांगितला होता मला. हे वलं हाय.

"येईल ना परत?" शिवप्रसादांनी विचारलं.

"सगळ्यात खालचा थर वाचला असेल तर येईल. तिथूनच नव्या पेशी निघतात. तोच गेला असेल, किंवा जंतू शिरले, तर अवघड आहे. एवढंसं लेकरू आहे, मी खोटं सांगणार नाही. पाच दिवस लागतील कळायला."

ते पाच दिवस मी लिहू शकत नाही. एवढंच सांगते की मला तिला छातीला लावता येत होतं पण कमरेला हात लावता येत नव्हता. माझे हात दिवसातून किती वेळा धुतले त्याचा हिशोब नाही. डाग निघत नव्हता. नर्स म्हणायची, "अक्का, तो धुवून जायचा नाही. कातडी गळंल तवाच जातोय."

तिसऱ्या दिवशी आत्यांना गावाकडून फोन आला. पंचशीला, आमच्या आळीतल्या शोभाबाईंची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. राजूबाईला त्यांनी बाळाच्या न्हाऊमाखूसाठी दोन महिने आधीच सांगून ठेवलं होतं. आता शोभाबाई विचारत होत्या, तुमच्या नातीला तिनं तेलात काय घातलं म्हणे? आम्ही तिला नको म्हणून कळवलंय.

आत्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं.

"आता गप बस जरा," शिवप्रसाद म्हणाले. "आधी लेकरू बरं होऊ दे. हळूहळू सांगू. आता तू सांगायला गेलीस तर गाव तुलाच हसंल. मास्तरणीनं लेकराला भाजलं म्हणतील."

"म्हणू द्या की. खरंय ते."

"मंजू, राजूबाईचं काय, चार दिवसांत विसरतेत लोक."

आत्या मध्येच बोलल्या. "शिवा, तुला पहिलं पाणी तिनंच घातलंय रे." शिवप्रसाद उठून बाहेर गेले.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी ओली करून करून सोडवली. मी डोळे मिटून घेतले होते.

"बघा," त्या म्हणाल्या. "उघडा डोळे. टीचर ना तुम्ही?"

लाल जागेच्या कडेनं आणि मध्ये मध्ये ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी पातळ, चकचकीत, फिकट गुलाबी आलं होतं. दुधावरची साय धरायला लागते तसं.

"तळ वाचलाय," डॉक्टर म्हणाल्या. "येतेय कातडी."

आत्यांनी तिथंच दवाखान्याच्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. मी रडले नाही. मला इतका वेळ कुणीतरी मानेला धरून उचललं होतं आणि आता खाली ठेवलं, तसं झालं.

बारा दिवसांनी आम्ही मंठाळला आलो. चिमीला आत्यांपाशी ठेवून मी त्याच दुपारी राजूबाईच्या घरी गेले. ती शेंगा फोडत बसली होती. उठली नाही. "लेकरू कसं हाय?" तिनं आधी तेच विचारलं.

"बरं आहे. राजूबाई, तुमचं काही चुकलं नव्हतं. करगोटा मी उकळला होता. बिब्ब्यासकट."

शेंग तिच्या हातातच राहिली. "बिब्बा उकळलीस?" मग ती हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून. "काय माय! पंधरा वर्षं शिकलीस अन् बिब्बा उकळलीस?" आणि हसता हसता एकदम थांबली. तोंड वळवलं.

"माझ्या पाया पडून काय उपेग न्हाई," मी वाकले तशी ती म्हणाली. "हितं कोण हाय ऐकायला? कोंबड्या? तू मला बोललीस तवा सारी आळी ऐकायली होती. माझ्या हातावर माझं पोट हाय सूनबाई. हात बाटला म्हणायलेत लोक माझा."

"मग काय करू?"

"ते मला कामून इचारतीस? तू शिकलेली हाईस."

मी तिथून निघाले. घराकडं वळायच्या जागी उजवीकडं वळले. बंडेप्पांची पिठाची गिरणी तिथं आहे. दुपारी चारला गावातल्या बायका ज्वारीचे डबे घेऊन तिथंच असतात. त्या दिवशीही आठ-दहा जणी होत्या, शोभाबाई पुढंच. गिरणी चालू होती, पट्टा फडफडत होता. मला बघून सगळ्या माझ्याकडं वळल्या. "आलीस व्हय गं? कसं हाय लेकरू? काय बाई तरी ती राजूबाई..."

"राजूबाईनं काही केलं नाही," मी म्हणाले. "मी केलं. करगोट्यातला बिब्बा मी उकळला आणि परत बांधला. तिनं तर मला सांगितलं होतं, दाखवून आणा म्हणून. मी ऐकलं नाही."

गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. पुढच्या दोघी नुसत्या बघत राहिल्या. मागच्या विचारायला लागल्या, काय म्हणायलीय, काय म्हणायलीय? शोभाबाईंचा हात डब्याच्या झाकणावर तसाच होता.

बंडेप्पांनी आतून माझ्याकडं बघितलं, खटका खाली ओढला. पट्टा फिरत फिरत थांबला. पीठ हवेत तसंच होतं.

"काय म्हणलात, अक्का?" त्यांनी विचारलं. "आवाजात कळलं न्हाई. परत म्हणा."

आता एकही शब्द कुणाच्या कानाबाहेर राहणार नव्हता.

मी परत म्हणाले.